बेवारशी औषधं

माझ्या व्हॉट्सॲपवर आठवड्यातून एकदा तरी जंताच्या औषधाने कुणाचा तरी कॅन्सर बरा होतो. पूर्वी ढकलपत्रं यायची, तेव्हा पाठवणारा निदान "आलं तसं पुढे ढकलतोय" असं लिहून हात झटकायचा. आता तेवढीही तसदी कुणी घेत नाही. कधी आयव्हरमेक्टिन असतं, कधी कुत्र्यांना देतात ते फेनबेंडाझोल. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं – "औषध कंपन्या हे तुमच्यापासून लपवून ठेवतात. जास्तीत जास्त लोकांना पाठवा."

आणि हे जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं की समोरचा एखादा हुशार प्राणी (आमच्या टीममध्ये असे तीन आहेत) मान हलवत म्हणतो, "अरे, त्यात दम असता तर एखाद्या कंपनीने केव्हाच विकायला काढलं नसतं का? मार्केट असा पैसा जमिनीवर पडू देत नाही."

मंडळी, माझा राग या दोघांवरही आहे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यावर थोडा जास्त. कारण पहिला भाबडा आहे, पण दुसऱ्याला आपण विज्ञानाच्या बाजूने बोलतोय असं वाटतं. दोघांचीही चूक एकच आहे. दोघांच्याही गोष्टीत नायक किंवा खलनायक कंपनीच. एकाला वाटतं ती इलाज लपवते, दुसऱ्याला वाटतं ती इलाज शोधते. जुन्या, पेटंट संपलेल्या, पाच रुपयाला पट्टी मिळणाऱ्या औषधाच्या बाबतीत कंपनी यातलं काहीच करत नाही. ती तिथे नसतेच. घर उघडं आहे, मालक नाही, आणि एकजण ओरडतोय की मालकाने आत खजिना पुरलाय, तर दुसरा म्हणतोय की खजिना असता तर मालकाने काढला नसता का!

मी डॉक्टर नाही. कोड लिहितो. पण गेले काही वीकांत याच विषयात डोकं घालून बसलोय, आणि जे दिसलं ते लिहितो.

आधी एक गोष्ट मान्य करू. जुनं औषध कॅन्सरवर चालू शकतं ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. थॅलिडोमाइडचंच घ्या. १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचं सुरक्षित औषध म्हणून ते बाजारात आलं, गरोदर बायकांनी मळमळीसाठी घेतलं, आणि जगभरात सुमारे दहा हजार मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. औषधांच्या इतिहासात याहून काळं नाव क्वचितच असेल. १९६४ मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन नावाच्या डॉक्टरने कुष्ठरोगाच्या एका रुग्णाला, वेदनेमुळे झोपच येत नव्हती म्हणून, कपाटात उरलेल्या या गोळ्या दिल्या. झोप तर आलीच, पण अंगावरच्या जखमाही सुकायला लागल्या. पुढे नव्वदच्या दशकात लक्षात आलं की हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. बाळांचे हातपाय कदाचित त्यामुळेच वाढले नसावेत, आणि गाठीलाही वाढायला रक्तवाहिन्या लागतातच. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या पत्नीने डॉक्टरांचा पिच्छा पुरवून ते वापरायला लावलं. त्या रुग्णाला उपयोग झाला नाही, पण नंतरच्या काहींना झाला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाने ८४ रुग्णांचा विदा छापला. हे सगळे असे की बाकीचे उपाय करून थकलेले. त्यातल्या ३२ टक्क्यांमध्ये रोग मागे हटला. ते औषध नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे जपानी संशोधकांना सापडलं २०१० मध्ये, म्हणजे औषध रुग्णांना मिळायला लागून दहा वर्षं होऊन गेल्यावर!

दुसरं उदाहरण सोमलाचं. हो, तोच सोमल, जुन्या नाटकांत दुधातून द्यायचे तो. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात एका पारंपरिक औषधाची छाननी करता करता आर्सेनिक ट्रायऑक्साइड वेगळं काढलं आणि ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं. हा असा रोग की रुग्ण रक्तस्राव होऊन काही दिवसांत जायचा. अमेरिकेने २००० साली या औषधाला मान्यता दिली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्याच्याही पुढे जाऊन नुसत्या आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले. २००६ मध्ये ७२ रुग्णांचा विदा छापला, ८६ टक्के रुग्णांमध्ये रोग पूर्ण मागे हटला होता. महागडी केमो परवडत नाही म्हणून शोधलेला रस्ता होता तो. २०१३ मध्ये इटली-जर्मनीतल्या चाचणीने दाखवलं की आर्सेनिक आणि 'अ' जीवनसत्त्वाचं एक रूप असं दोन्ही मिळून दिलं तर, फार गंभीर अवस्थेत नसलेल्या रुग्णांसाठी, ते नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरतं.

तेव्हा व्हॉट्सॲपवाल्या काका-मामांना मी "जुन्या औषधाने काय होणार" असं म्हणत नाही. मी म्हणतो, चाचणी कुठाय?

फेनबेंडाझोलची सगळी कथा अमेरिकेतल्या एका माणसावरून सुरू झाली. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर होता, त्याने कुत्र्याचं जंताचं औषध घेतलं, तो बरा झाला. गोष्ट खरी आहे. ढकलपत्रात एवढंच नसतं की त्याच काळात तो एका नव्या इम्युनोथेरपी औषधाच्या चाचणीतही दाखल होता. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, एकाच रात्री दोन पॅच टाकले, सकाळी सर्व्हर चालू झाला, आणि आपण जाहीर केलं की दुसऱ्या पॅचनेच चालू झाला, कारण तो फुकट होता. जपानमधल्या ८० वर्षांच्या एका आजींची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. त्याही इम्युनोथेरपीवर होत्या, समाजमाध्यमांवर वाचून स्वतःच फेनबेंडाझोल सुरू केलं, यकृताला इजा झाली. औषध थांबवल्यावर यकृत सावरलं. गाठ काही लहान झाली नव्हती.

"पण प्रयोगशाळेत पेशी मरतात की!" मरतात ना. बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारणं हे काही विशेष नाही, डेटॉलनेही मरतील. प्रश्न असतो की तेवढी मात्रा रक्तात पोचते का, आणि पोचली तर माणूस उरतो का. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्या डेव्हलपरला आपण जे उत्तर देतो तेच इथेही.

आणि बऱ्याचदा चालत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आठवा (आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात फ्रिजवर ठेवलेली असेल). ती घेणाऱ्या मधुमेही लोकांमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं सांगणारे कित्येक अभ्यास आले होते. प्रयोगशाळेत चालत होती, कारणमीमांसाही झकास होती. मग कॅनडाच्या पुढाकाराने ३,६४९ स्तनकॅन्सरग्रस्तांवर रीतसर चाचणी झाली, अर्ध्या जणींना गोळी, अर्ध्या जणींना नुसती साखरेची म्हणावी तशी खोटी गोळी. २०२२ मध्ये निकाल आला: फरक शून्य. ॲस्पिरिनचंही तसंच, अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरनंतर तीन हजार जणांवर करून पाहिलं, काही फायदा नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. बरं, मग ॲस्पिरिन बाद? तर नाही! २०२५ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने उत्तर युरोपात झालेल्या चाचणीचा निकाल आला. आतड्याच्या कॅन्सरचे साडेतीन हजार रुग्ण तपासले, त्यातले ज्यांच्या गाठीत एक विशिष्ट जनुकीय बदल होता असे ६२६ निवडले, आणि ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. मुख्य गटात तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण १४.१ टक्क्यांवरून ७.७ वर आलं. जवळजवळ निम्म्यावर. ॲस्पिरिनने!

एकच गोळी, एका कॅन्सरमध्ये निरुपयोगी, दुसऱ्यात एका ठरावीक गटाला अतिशय उपयोगी. हे कुठल्या फॉरवर्डने कळलं असतं? आणि दुसरं, हे कुठल्या कंपनीने शोधलं असतं?

आता वळू या आमच्या मार्केटवाल्या मित्राकडे. त्याला थॅलिडोमाइडचं उदाहरण फार आवडेल, कारण ते पुढे एका कंपनीनेच वाढवलं. कसं वाढवलं तेही पाहू. सेलजीन या अमेरिकन कंपनीने त्या रेणूतला एक ऑक्सिजन काढला, एक अमिनो गट लावला, आणि लेनालिडोमाइड तयार झालं. औषध चांगलं आहे, थॅलिडोमाइडपेक्षा सोसायलाही बरं, त्याबद्दल वाद नाही. पण आता ते 'नवं' होतं. नवं म्हणजे पेटंट, पेटंट म्हणजे मक्तेदारी. २०२१ साली या एका औषधाची जगभरातली विक्री १,२८० कोटी डॉलर होती. २०२५ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने हिशोब मांडला: एक कॅप्सूल बनवायला २५ सेंट, विकायला हजार डॉलरच्या घरात. (आपल्याकडे नॅटकोसारख्या कंपन्यांनी ते कधीच स्वस्तात आणलं, त्यामुळे आपल्याला हा आकडा खोटा वाटतो.)

म्हणजे मार्केट काम करतं, नक्कीच करतं, पण जिथे कुंपण घालता येतं तिथेच. जुन्या रेणूभोवती कुंपण घालता येत नसेल तर मार्केट तो रेणू थोडा वाकवून नवा करतं. आणि वाकवताही आला नाही तर? तर काहीच नाही. हजार-दीड हजार रुग्णांची चाचणी, दहा-दहा वर्षांचा पाठपुरावा, हा सगळा खर्च एकाने करायचा, आणि निकाल चांगला लागला की शेजारच्या पन्नास कंपन्यांनी तीच गोळी दुसऱ्या दिवशी विकायची. तुम्ही त्या कंपनीत फायनान्सला असता तर तुम्हीही नाहीच म्हणाला असता. यात कटकारस्थान नाही, एक्सेल शीट आहे.

आणि भारतात तर हे कायद्यातच लिहिलंय. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड), जे २००५ च्या दुरुस्तीने आजच्या रूपात आलं, ज्याच्या जोरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिवेकला नकार दिला, ते स्वच्छ सांगतं की ज्ञात पदार्थाचा नुसता नवा उपयोग शोधला म्हणून पेटंट मिळणार नाही. मी या कलमाचा कट्टर समर्थक आहे. त्याच्यामुळे लाखो लोकांना परवडणारी औषधं मिळाली. पण या कलमाचा दुसरा अर्धा भाग आपण लिहिलाच नाही. कंपन्यांना आपण सांगितलं की जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधलात तर तुम्हाला मक्तेदारी मिळणार नाही. उत्तम. मग ते काम कुणी करायचं? खाजगी दुकान बंद केलं आणि रेशनचं दुकान उघडायचं राहूनच गेलं, असला हा प्रकार आहे.

राहूनच गेलं असं म्हणताना एक अपवाद आवर्जून सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या परळचा आहे. टाटा मेमोरिअल. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय साधा प्रश्न विचारला. स्तनाची गाठ कापून काढताना, त्या ढवळाढवळीत काही पेशी निसटून शरीरात पसरत असतील का? आणि कापण्याआधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं तर? लिडोकेन म्हणजे दाढ काढताना देतात ते भुलीचं इंजेक्शन. ते पेशींच्या पापुद्र्यावरचे सोडियमचे दरवाजे बंद करतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत जात नाही. आणि कॅन्सरच्या पेशींनाही हलायला-सरकायला हेच दरवाजे लागतात असा संशय होता. २०११ पासून देशातल्या अकरा केंद्रांवर सोळाशे स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्या जणींना चाकू लावण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती इंजेक्शन, निम्म्या जणींना नाही. २०२३ मध्ये निकाल छापला. पाच वर्षांनी रोगमुक्त जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के. एकूण जिवंत असलेल्यांचं ८६.४ वरून ९०.१ टक्के. शंभर बायकांमागे जवळपास चार जीव, आणि औषधाचा खर्च शंभराच्या नोटेत बसणारा. आपल्याला लाखो रुपयांच्या औषधांच्या जाहिराती वाचायची सवय आहे, त्यांतल्या कित्येकांचा फायदा महिन्यांत मोजतात.

पैसा कुणाचा होता? अणुऊर्जा विभागाचा. टाटा मेमोरिअल १९६२ पासून त्या विभागाखाली आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. अणुभट्ट्या चालवणाऱ्या खात्याने भुलीच्या इंजेक्शनची चाचणी केली, कारण आरोग्याच्या घरात हे कुणाचंच काम नव्हतं. :)

त्यांचंच आणखी एक काम आहे, तेही ऐका. तोंडाचा, घशाचा कॅन्सर म्हणजे आपला राष्ट्रीय रोग, तंबाखू-गुटख्याची कृपा. तो बरा होण्यापलीकडे गेला की नेहमीचा उपाय दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून सिस्प्लॅटिन, त्यासाठी गावाहून येणं, राहणं, उलट्या, मूत्रपिंडाची काळजी. टाटाच्या डॉक्टरांनी त्याऐवजी घरी बसून घ्यायच्या गोळ्या दिल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जे संधिवातालाही देतात, आणि दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब, म्हणजे सांधेदुखीची वेदनाशामक गोळी. ४२२ रुग्ण. २०२० मध्ये निकाल: सलाईनवाले मध्यम हिशोबाने ६.१ महिने जगले, गोळ्यावाले ७.५ महिने, आणि गंभीर त्रासही गोळ्यांनी कमी झाला. दीड महिना म्हणजे काय मोठं, असं म्हणणाऱ्याने तो दीड महिना घरच्या अंथरुणावर आणि इस्पितळाच्या बाकावर असा मोजून बघावा.

तर मग सगळं छान चाललंय की! नाही चाललेलं.

गेल्या वर्षी माझ्या मावशीचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. मुंबईत नाही, तिच्या गावाजवळच्या शहरात. सर्जन चांगले होते, वेळ देऊन बोलणारे. मी तो लिडोकेनचा निबंध प्रिंट काढून घेऊन गेलो (आपली जात!). त्यांनी तो आधीच वाचलेला होता. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आमच्या प्रोटोकॉलमध्ये नाही. औषधाच्या कागदावर हा उपयोग लिहिलेला नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर मी कुणाला काय दाखवू?" मावशी म्हणाली, "असू दे रे, त्यांना त्रास नको देऊस." ऑपरेशन नीट झालं, मावशी आता बरी आहे, शेवग्याच्या शेंगा पाठवते. पण इंजेक्शन काही दिलं गेलं नाही. त्याच थिएटरमध्ये लिडोकेनच्या बाटल्या नक्कीच होत्या. कुठल्या थिएटरात नसतात?

त्या सर्जनला दोष देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. त्यांचा मुद्दा लेबलचा आहे, आणि लेबल ही काही नुसती कागदी बाब नाही. त्यावर जे असतं ते निर्धास्तपणे वापरलं जातं, प्रोटोकॉलमध्ये जातं, सरकारी योजनेच्या यादीत जातं, तालुक्याच्या ठिकाणचा तरुण डॉक्टरही ते न घाबरता देतो. लेबलबाहेरचा वापर हा त्या एका डॉक्टरच्या हिमतीवर चालतो. आता गंमत बघा. २०१९ च्या नव्या औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार जुन्या औषधाचा नवा उपयोग म्हणजे 'नवं औषध'. त्यासाठी मंजुरीचा अर्ज करायचा तो औषध बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने. त्याच नियमांत विद्यापीठांच्या, इस्पितळांच्या चाचण्यांना मात्र मोठी सवलत आहे: मंजूर औषधाचा नवा उपयोग तपासायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी पुरे, दिल्लीची गरज नाही. सवलत चांगली आहे. पण तिची अट अशी की निष्कर्ष औषध नियंत्रकाकडे सादर करायची गरज नाही आणि जाहिरातीसाठी ते वापरायचे नाहीत.

म्हणजे इस्पितळाने शोधायचं, पण लेबलपर्यंत न्यायचा रस्ता त्याच्याकडे नाही. कंपनीकडे रस्ता आहे, पण तिला जायची इच्छा नाही. दोन मॉड्यूल आहेत, दोन्ही आपापल्या जागी चोख, आणि त्यांना जोडणारा इंटरफेसच कुणी लिहिलेला नाही. असला डिझाईन रिव्ह्यू आपल्याकडे पहिल्या दहा मिनिटांत नापास झाला असता.

लिडोकेनच्या चाचणीवर आक्षेपही आहेत, ते लपवायचं कारण नाही. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे सर्जनला ठाऊक होतं कुणाला काय मिळतंय. सगळी चाचणी एकाच देशातली. दुसरीकडे कुणीतरी ती करून बघायला हवी, हे म्हणणं रास्तच आहे. पण "करून बघायला हवी" असं म्हणून जो तो जेवायला निघून जातो, हे मला रास्त वाटत नाही. कुणी बघायची? शंभर रुपयांच्या बाटलीसाठी कोणती कंपनी बघणार आहे?

आमचा मित्र इथे म्हणतो, "सरकार असली कामं करू शकत नाही." का नाही? कोविडच्या काळात एकाच वेळी दोन प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर झाले, दोन्ही जुन्याच औषधांचे. मार्च २०२० मध्ये ब्रिटनने रिकव्हरी नावाची चाचणी सुरू केली, सरकारी पैशाने, सरकारी इस्पितळांत. जून २०२० मध्ये उत्तर हातात: डेक्सामेथासोन हे जुनंपानं स्वस्त स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा निकालही लावला, उपयोग नाही. शंभर दिवसांच्या आसपास! आणि मे २०२१ मध्ये आपल्या शेजारी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी काय केलं? अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस आयव्हरमेक्टिन वाटायची घोषणा. जागतिक आरोग्य संघटना चाचणीबाहेर ते वापरू नका म्हणत असताना. गोळ्यांवर खर्च करायची तयारी होती, त्या चालतात का हे बघायची नव्हती. सरकार करू शकत नाही असं नव्हे, काय करायला सांगावं हे आपल्याला कळत नाही.

लेबल बदलायचं कामही जमतं. ॲनास्ट्रोझोल हे स्तनाच्या कॅन्सरवरच्या उपचाराचं जुनं औषध, पेटंट केव्हाच संपलेलं. ज्यांना धोका जास्त आहे अशा, पाळी गेलेल्या स्त्रियांनी ते आधीच घेतलं तर कॅन्सर होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं, हे २०१३ पासून माहीत होतं. लेबलवर यायला २०२३ उजाडलं. मधली दहा वर्षं कुणाला अर्ज करण्यात रस नव्हता. शेवटी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने अशा जुन्या औषधांसाठी एक कार्यक्रमच काढला, एका कंपनीला सोबत घेतलं, कागदपत्रं पुरी केली, मंजुरी मिळाली. त्या कंपनीचं नाव ॲकॉर्ड. तिची मालक कोण? अहमदाबादची इंटास! म्हणजे लंडनच्या बाईसाठी हे काम भारतीय कंपनीने केलं. तिला ते इथे करायला कुणी सांगितलेलंच नाही.

मला काय हवंय ते सरळ लिहितो, म्हणजे "नुसती टीका करता" असं कुणी म्हणायला नको. औषध महानियंत्रकाकडे असा रस्ता हवा की एखादं सार्वजनिक इस्पितळ किंवा आयसीएमआरसारखी संस्था, स्वतः औषध बनवत नसली तरी, जुन्या औषधाच्या नव्या उपयोगासाठी अर्ज करू शकेल, आणि मंजुरी मिळाली की ते औषध बनवणाऱ्या सगळ्यांच्या लेबलवर तो उपयोग छापणं बंधनकारक होईल. आणि दुसरं, अशा चाचण्यांसाठी दरवर्षी वेगळा काढून ठेवलेला पैसा. देशात वर्षाला चौदा लाखांहून जास्त नवे कॅन्सर रुग्ण होतात. रुग्णांची कमतरता नाही, डॉक्टर आहेत, तीनशेच्या वर केंद्रांचं नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, गोळ्या तर आपण अख्ख्या जगाला पुरवतो.

यातल्या बहुतेक चाचण्या फसतील, हे आधीच सांगून ठेवतो. मेटफॉर्मिनसारख्या. फसल्या की वर्तमानपत्रात "जनतेचा पैसा पाण्यात" असा मथळा येईल. पण त्या ३,६४९ जणींमुळे आज कुठल्याही डॉक्टरला, कॅन्सर उलटू नये म्हणून मेटफॉर्मिन घ्या असं एखादीला पाच वर्षं सांगत बसावं लागत नाही. व्हॉट्सॲपवरच्या जंताच्या औषधाचाही असाच एकदा काय तो निकाल लावून टाकता येईल. मग मामांना पाठवायला माझ्याकडेही काहीतरी असेल.

तूर्तास दहा रुपये खर्च करून माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकलाय. विचारलंय की गेल्या दहा वर्षांत पेटंट संपलेल्या औषधाच्या कॅन्सरमधल्या नव्या उपयोगासाठी किती अर्ज आले, कुणी केले, आणि किती मंजूर झाले. नियमाप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकतो.